शिऊरच्या बहिणाबाई पाठक : त्यांच्या आत्मनिवेदनाचा ऐतिहासिक विचार

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे पहिल्या मजलेच्या आंतच वाघोली लागते. वाघेश्वराचें देवालय व पिलाजीराव जाधवरावांची समाधि यांमुळें हें गांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. इ. स. २०२१ मध्यें तें पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालें; तरी जुन्या घरांतून चातुर्मासांत पोथी लावण्याची चाल अजून सर्वस्वीं मोडलेली नाहीं. गेल्या चातुर्मासांत आळींतील कांहीं वृद्ध स्त्रियांच्या आग्रहावरून प्रस्तुत लेखकानें बहिणाबाईचा गाथा वाचावयास घेतला. पतीनें तिला वेणीस धरून मारिल्याचा प्रसंग आला, तेव्हां एका आजीबाईंनीं मध्येंच विचारलें, "गुरुजी, तिला माहेर नव्हतें का हो?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. संस्कृत व मराठी शिकविण्यांत माझें सारें आयुष्य गेलें. भागवत धर्माच्या इमारतीचा पाया ज्ञानदेवांनीं घातला व तुकाराम तिचा कळस झाला, या अर्थाचा बहिणाबाईच्या नांवावरील सुप्रसिद्ध अभंग मीं वर्गावर्गांतून पाठ करवून घेतला. पण तो जिच्या नांवावर आहे तिच्या घरांत काय चाललें होतें, हें मीं विद्यार्थ्यांस कधींहि सांगितलें नाहीं. स्वतःशींहि त्याचा नीट विचार केला नाहीं. त्या दिवशीं पोथी बांधून ठेविल्यावर आत्मनिवेदनाचे अभंग पुनः आरंभापासून वाचले. एखादें जुनें घराणें आपली कैफियत मांडतें, त्या कैफियतीस जे प्रश्न विचारावयाचे, तेच या अभंगांस विचारले. त्यांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम साधनांविषयीं. ही बहिणाबाई म्हणजे खानदेशांतील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) नव्हे. ती सतराव्या शतकांतील, तुकारामांची शिष्या. तिच्या गाथ्यांत आत्मचरित्र, पूर्वजन्मांचें कथन, निर्याणसमयींचे अभंग, पतिव्रताधर्म, ब्राह्मणलक्षण, भक्ति व वैराग्य अशीं अनेक प्रकरणें आहेत. आत्मचरित्र व पूर्वजन्म मिळून शंभरांहून अधिक अभंग भरतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत उमरखाने यांनीं हा गाथा छापिला. पुढें कोल्हारकरांची आवृत्ति निघाली. इ. स. १९२९ मध्यें डॉ. जस्टिन ॲबट यांनीं पुणें येथून त्याचें इंग्रजी भाषांतर मूळ मराठीसह प्रसिद्ध केलें, व इ. स. १९७९ मध्यें डॉ. शालिनी जावडेकर यांची आवृत्ति बाहेर आली. संतांचीं चरित्रें आपणांस बहुधा महीपतीसारख्या उत्तरकालीन चरित्रकारांकडून मिळतात. येथें चरित्रनायिका स्वतःच बोलते, आणि जें बोलते तें नुसतें पारमार्थिक नसून कर्ज, भिक्षा, मारहाण, आजार व बाळंतपण यांविषयींचें आहे. सतराव्या शतकांतील एका मराठी स्त्रीनें स्वतःविषयीं इतकें सांगितल्याचें दुसरें उदाहरण माझ्या वाचनांत नाहीं.

आतां तिचें कथन पाहूं. बहिणाबाईचा जन्म शके १५५० (इ. स. १६२८) च्या सुमारास वेरूळच्या पश्चिमेस असलेल्या देवगांवीं झाला. बाप आऊजी कुलकर्णी, आई जानकी. अपत्यासाठीं बापानें लक्षतीर्थावर अनुष्ठान केलें व त्यानंतर ही कन्या झाली, असें ती सांगते. तिसऱ्या वर्षीं तिचें लग्न शिवपूर, म्हणजे सध्यांचें वैजापूर तालुक्यांतील शिऊर, येथील गंगाधर पाठक यांच्याशीं लाविलें. वर तीस वर्षांचा व बिजवर. पण वेदविद्येंत व ज्योतिषांत जाणता. अशा घराण्याची प्रतिष्ठा अध्ययन, आचार व अधिकार यांवर उभी असते. सून तेथें येते ती त्या प्रतिष्ठेची राखण करावयास. तिनें स्वतः कांहीं अधिकार मिळवावा, अशी अपेक्षा कोणाचीच नसते.

सुमारें नवव्या वर्षीं संकट कोसळलें. देवगांवच्या घरांत कर्ज झालें व भाऊबंदकी माजली. बापास गांवांत राहणें अशक्य झालें, तेव्हां जांवयास शिऊरहून बोलावणें गेलें. त्यानें येऊन सासूसासऱ्यांस व मुलांस रात्रीच्या वेळीं गांवाबाहेर काढिलें. वतन, घर, भांडींकुंडीं सर्व मागें राहिलें. तेथून हें कुटुंब कोरान्न मागत दक्षिणेकडे निघालें. गोदावरीच्या कांठानें येऊन त्यांनीं पंढरपूर पाहिलें. मग शिखर शिंगणापूरचा महादेव केला. पुढें रहिमतपुरास मुक्काम पडला. तेथील भटजी काशीस गेले असतां त्यांची वृत्ति गंगाधरपंतांनीं सांभाळिली, म्हणून कांहीं काळ पोटास मिळालें. ते परत आल्यावर पुनः निघणें प्राप्त झालें. कोल्हापुरास पोंचलीं तेव्हां बहिणाबाई अकरा वर्षांची होती. तेथें एका विद्वान् ब्राह्मणाच्या वाड्यांत त्यांस आसरा मिळाला.

आजीबाईंच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. बहिणाबाईस माहेर होतें; तें तिच्याबरोबरच, त्याच ओसरीवर राहत होतें. आई, बाप व भावंडें हीं सर्व जांवयाच्या भिक्षेवर व वृत्तीवर जगत होतीं. ज्या दिवशीं मुलीस मार पडला, त्या दिवशीं आईबाप समोर होते. त्यांनीं विनवणी केली, दुःख केलें. परंतु मुलीस घेऊन दुसऱ्या दारीं जावें, तर तें दार त्यांस उरलें नव्हतें. ही गोष्ट बहिणाबाई तक्रार म्हणून मांडीत नाहीं. ती केवळ कोण कोठें होतें तें सांगते, आणि कर्जाचा प्रसंग व मारहाणीचा प्रसंग एकापुढें एक ठेवून वाचल्यावर त्यांचा संबंध आपोआप ध्यानांत येतो. पोथी वाचतांना हे दोन प्रसंग वेगवेगळ्या दिवशीं येतात, त्यामुळें ऐकणाऱ्याच्या लक्षांत तो राहत नाहीं.

मारहाणीचें निमित्त असें झालें. वाड्याच्या यजमानास दानांत एक सवत्स गाय मिळाली. ती त्यानें गंगाधरपंतांस दिली. तिच्या वासरास बहिणाबाईचा अतिशय लळा लागला. ती कथाकीर्तनास जाई तेव्हां वासरूंहि मागोमाग येई. त्या वेळीं कोल्हापुरांत जयरामस्वामी वडगांवकर यांचीं कीर्तनें चालू होतीं. हे रामदासपंचायतनांतील एक सत्पुरुष. गर्दीमुळें लोकांनीं वासरूं बाहेर काढिलें. स्वामींनीं तें पुनः आंत आणविलें आणि वासराच्या व मुलीच्या मस्तकावर हात ठेविला. सबंध गांवांत ही वार्ता पसरली. ती पतीच्या कानीं गेली, तेव्हां त्यानें वेणीस धरून तिला बेदम मारिलें. परक्या पुरुषांच्या सभेंत आपल्या बायकोचा बोलबाला व्हावा, ही गोष्ट त्या वैदिकास सहन झाली नाहीं. पुढें वासरूं मेलें. बहिणाबाई कित्येक दिवस शुद्धीवर नव्हती. त्या अवस्थेंत तिला तुकारामांचें दर्शन होऊन मंत्रोपदेश झाला. तुकारामांस तिनें तोंवर पाहिलें नव्हतें. जयरामस्वामींच्या कीर्तनांतून त्यांचे अभंग मात्र ऐकिले होते.

या दर्शनाचा काल ठरविणें हा चरित्रांतील मुख्य वादाचा मुद्दा होय. तिथि कार्तिक वद्य पंचमी व वार रविवार. रूढ वर्ष शके १५६९. मध्यम मानानें गणित करून पाहतां ही तिथि नव्या पद्धतीच्या १७ नोव्हेंबर १६४७ च्या सुमारास पडते, आणि त्या दिवशीं रविवारच येतो. एवढ्यावरून कित्येक वाचक समाधान मानतील. परंतु त्याच रीतीनें शके १५६२ पाहिला, तर पंचमी ३ व ४ नोव्हेंबर १६४० या दिवसांच्या संधीवर येते, व त्यांपैकीं दुसरा दिवस रविवार आहे. म्हणजे स्थूल गणितानें दोन्ही वर्षें संभवतात. एकट्या तिथिवारावर निकाल लागत नाहीं.

शके १५६२ च्या बाजूनें सांगण्यासारखें थोडें नाहीं. कोल्हापुरीं आली तेव्हां ती अकरा वर्षांची होती. अभंगांचा ओघ अखंड आहे. वासराची माया बालवयास शोभणारी आहे. उलट पक्षीं एक प्रमाण मला निर्णायक वाटतें. दर्शनानंतर तुकारामांचें नांव घेणारी बायको नको, म्हणून पति घर सोडून तीर्थयात्रेस जाण्यास निघाला. त्या वेळीं ती तीन महिन्यांची गरोदर असल्याचा उल्लेख आहे. आणि पुढें देहूस तिला काशी नांवाची कन्या झाली. बारा वर्षांच्या मुलीस ही गोष्ट लागू पडत नाहीं. अठरा-एकोणीस वर्षांच्या स्त्रीस सहज लागू पडते. तेव्हां शके १५६९ हेंच वर्ष ग्राह्य धरावें. मग एक अनुमान ओघानेंच निघतें: कोल्हापुरांतील आगमन व दर्शन यांमध्यें सुमारें सात-आठ वर्षें गेलीं, आणि तीं अभंगांत दिसत नाहींत. वासराच्या कथेंतील बालिका व दर्शन घेणारी गर्भवती स्त्री यांच्यामध्यें हीं वर्षें आहेत. अभंगांचा अनुक्रम म्हणजे कालानुक्रम नव्हे, हें आपल्या चरित्रकारांनीं पुष्कळदां दृष्टीआड केलें आहे.

याच्या पुढचा भाग अधिक आश्चर्याचा आहे. पति निघण्याच्या बेतांत असतां त्यास दुखणें आलें. महिनाभर अन्न गेलें नाहीं. ज्या बायकोस मारिलें तीच उशापायथ्याशीं बसली. तुकारामांची निंदा केल्याचें हें फळ, असें त्याच्या मनानें घेतलें व बरा झाल्यावर तो स्वतः बायकोस, सासूसासऱ्यांस व गाईस घेऊन देहूस आला. देहूस इंद्रायणीच्या कांठीं तुकारामांस त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. तुकारामांचें निर्याण शके १५७१ च्या फाल्गुनांत (इ. स. १६५०) झालें, असें बहुतेकांचें मत आहे. त्यावरून या कुटुंबास त्यांचा सहवास फार झाला तर दोन वर्षें लाभला असावा.

देहूस राहावयाचें कोठें, हा प्रश्न होता. मंबाजी गोसावी याच्या मठांत जागा मागतां त्यानें हांकून दिलें. पुढें कोंडाजी नांवाच्या गृहस्थानें भोजनाची सोय केली. मंबाजीनें बहिणाबाईस आपली शिष्या होण्यास सांगितलें. ती झाली नाहीं, तेव्हां त्यानें तिची गाय नेऊन बांधिली व मारिली. याच प्रकरणांत इतिहाससंशोधकांस महत्त्वाचा असा एक कागद डोकावतो. मंबाजीनें पुण्याच्या आपाजी गोसाव्यास पत्र लिहून कळविलें कीं, तुका हा शूद्र असून कथा करितो, ब्राह्मण त्याच्या पायां पडतात, रामेश्वरभट्टासारखेहि त्यास नमस्कार करितात, आणि आतां हें नवें ब्राह्मण जोडपें आलें आहे. याचा बंदोबस्त व्हावा. पत्राचा आशय बहिणाबाईनें पद्यांत दिला आहे. रामेश्वरभट्टाचें मतपरिवर्तन त्या काळीं गांवांत सर्वांस ठाऊक होतें, हें त्यावरून समकालीन साक्षीनें सिद्ध होतें. तसेंच तुकारामांच्या वह्या तेरा दिवस पाण्यांत राहिल्याची कथा उत्तरकालीन नसून त्यांच्या हयातींतच लोकांच्या तोंडीं होती, हेंहि बहिणाबाईच्या अभंगावरून दिसतें. चमत्कार कोणीं मानावा वा न मानावा. कथेचें वय मात्र या स्त्रीनें निश्चित करून ठेविलें आहे.

आतां तिच्या विचारांकडे वळूं. गाथ्यांत पतिव्रताधर्माचे अभंग आहेत व ब्राह्मणलक्षणाचेहि आहेत. पहिल्यांत पतीची सेवा हाच स्त्रीचा परमार्थ, असें प्रतिपादन आहे. तें वाचून कोणी तिला रूढीची दासी ठरवितात, कोणी ते अभंग मागाहून घुसडलेले म्हणून बाजूस सारतात. दोन्ही पक्ष मला घाईचे वाटतात. ज्या स्त्रीस पतीचें घर सोडून जाण्यास जागाच नव्हती, तिनें त्याच घरांत विठ्ठलास जागा करण्याचा मार्ग शोधिला. पतीची आज्ञा मोडावयाची नाहीं व तुकारामांस सोडावयाचें नाहीं, अशी ही दुहेरी प्रतिज्ञा होती. ती पाळतांना झालेली ओढाताण तिनें लपविलेली नाहीं. वेद गर्जून सांगतात कीं स्त्रीचा देह परमार्थास अडचणीचा आहे, मग मीं काय करावें, अशा आशयाचा उद्गार तिच्या अभंगांत आहे, आणि तो रूढीच्या दासीचा नव्हे.

ब्राह्मणलक्षणाच्या अभंगांस आधार वज्रसूचीचा आहे. वज्रसूची या नांवाचें एक उपनिषद् सामवेदाकडे लावितात, व त्याच नांवाचा एक ग्रंथ अश्वघोषाच्या नांवावर आहे. उपनिषदांत जीव, देह, जाति, ज्ञान, कर्म व धार्मिकता हे सहा पक्ष घेऊन यांपैकीं ब्राह्मण कोण, असा प्रश्न केला आहे, आणि प्रत्येक पक्ष खोडून आत्मसाक्षात्कार झालेला तोच ब्राह्मण, असा सिद्धान्त केला आहे. ही परंपरेची चर्चा बहिणाबाईनें मराठी अभंगांत उतरविली. संस्कृत अध्ययनाचा अधिकार तिला नव्हता. पण जोशाच्या घरांत कानावर पडणारें संस्कृत कोणी बंद करूं शकत नाहीं. ज्या पतीनें तुका शूद्र म्हणून तिला सोडून जाण्याचा बेत केला, त्याच्याच विद्येंतून तिनें तुक्याचें ब्राह्मणत्व सिद्ध करून दाखविलें, असें म्हणण्यास प्रत्यवाय दिसत नाहीं.

गुरुपरंपरेविषयींहि तिची साक्ष मोलाची आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति, ज्ञानदेव, सच्चिदानंद, विश्वंभर, राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी, तुकोबा अशी मालिका देऊन ती शेवटीं स्वतःस जोडून घेते. या मालिकेंत रक्ताचा संबंध नाहीं. चिंचवडच्या देवांसारख्या गाद्या वंशपरंपरेनें चालत आल्या. येथें मात्र एका कुणब्याचें नातें स्वप्नाच्या द्वारें एका ब्राह्मण स्त्रीशीं जुळलें.

याच्या तुलनेस परदेशांतील एक उदाहरण घेण्याजोगें आहे. पोलंड व युक्रेन या प्रदेशांत अठराव्या शतकांत ज्यू लोकांमध्यें हसीदी नांवाचा भक्तिपंथ उदयास आला. त्याचा प्रवर्तक इस्राएल बाल शेम तोव इ. स. १७६० मध्यें वारला. पुढें त्या पंथांतील गुरूंच्या गाद्या बहुधा घराण्यांत चालूं लागल्या व त्या घराण्यांतील स्त्रियांस मान पुष्कळ असला तरी गुरुपद नसे. एकोणिसाव्या शतकांत लुदमीर गांवची हन्ना राहेल नांवाची स्त्री मात्र अध्ययनाच्या व साधनेच्या बळावर स्वतः गुरु मानिली गेली. ती आंतल्या खोलींत बसे व बाहेर बसलेले भक्त तिचें प्रवचन ऐकत. चेर्नोबिलच्या मोर्देखाय या वजनदार गुरूनें तिला विवाहाची गळ घातली. तो विवाह टिकला नाहीं, आणि तिचा प्रभावहि ओसरला. उत्तरायुष्य तिनें जेरुसलेमांत काढिलें व इ. स. १८८८ मध्यें ती तेथें वारली. तिच्याविषयीं जें कळतें तें सर्व इतरांच्या सांगण्यावरून. हन्ना राहेलनें संसार टाळून अधिकार मिळविला, परंतु तिचे शब्द मागें राहिले नाहींत. बहिणाबाईनें संसार सोडिला नाहीं. तिचे शब्द राहिले. देश, धर्म व काल भिन्न असतांहि दोघींपुढें प्रश्न एकच होता: गुरुत्वाचा अधिकार पुरुषाच्या घराण्यांतून जातो, तेथें स्त्रीनें उभें कोठें राहावें?

बहिणाबाईचे शब्द कसे राहिले, तें तिच्या अखेरच्या प्रकरणावरून समजतें. काशीनंतर तिला विठोबा नांवाचा पुत्र झाला. तुकारामांच्या मागें कांहीं काळानें हें कुटुंब शिऊरास परतलें. शके १६२२ (इ. स. १७००) मध्यें अंतकाल जवळ आल्याचें जाणून तिनें मुलास पत्र पाठविलें. तो आपल्या मृत पत्नीच्या उत्तरक्रियेसाठीं परगांवीं गेला होता; तो आल्यावर तिनें त्यास आपले पूर्वजन्म सांगितले. बारा जन्म मागें झाले व हा तेरावा. त्यांतहि हा पुत्र आपणाबरोबर अनेक वेळां होता, असें तिचें सांगणें आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेस बहात्तराव्या वर्षीं ती निवर्तली. तिची समाधि शिऊरास आहे. पूर्वजन्मांच्या या कथनाकडे संशोधक सहसा दुर्लक्ष करितात. मला त्यांत एक व्यावहारिक अर्थ दिसतो. आईनें मुलास आपल्या वाणीचा सोबती केलें. पति वैदिक, बाप कुलकर्णी. दोघेहि लिहिणारे, पण तिचें बोलणें जपावयास त्यांपैकीं कोणावर तिनें भार टाकिला नाहीं. तो विश्वास तिनें पुत्रावर ठेविला.

या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं जुने रुमाल आहेत. सनदा, महजर, निवाडे यांची यादी आपण आस्थेनें करितों. आणि त्याच रुमालांत ओव्यांची, अभंगांची, बायकांच्या गाण्यांची बाडें निघालीं तर 'स्फुट' असा शेरा मारून तीं तळाशीं ठेवितों. असा शेरा मींहि पुष्कळ बाडांवर मारिला आहे. बहिणाबाईचा गाथा कोणी त्याच ढिगांत ठेविला असता, तर रामेश्वरभट्टाविषयींची समकालीन साक्ष, आपाजी गोसाव्यास गेलेलें पत्र व सतराव्या शतकांतील एका कर्जबाजारी कुलकर्ण्याच्या पलायनाची हकीकत, हें सर्व आपण गमावलें असतें. ज्यांच्या संग्रहांत अशीं बाडें असतील त्यांनीं तीं एकवार उघडून पाहावीं. एखादें स्त्रीचें नांव, गांवाचा उल्लेख वा तिथिवार सांपडल्यास त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी, अशी विनंति आहे.

पुढील आठवड्यांत आजीबाईंस मीं त्यांच्या प्रश्नाचें उत्तर सांगितलें. माहेर होतें, पण तें तिच्याच नवऱ्याच्या जिवावर जगत होतें, हें ऐकून त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मग आतां तो अभंग पुनः वाचा, गुरुजी. त्या दिवशीं नीट ऐकिला नव्हता." मीं पोथी मागें उलटली व तो प्रसंग पुनः वाचला.